हरित हायड्रोजन आणि बंगळुरूचे पाणी

सौर विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून मिळवलेला हायड्रोजन हे भविष्यातील स्वच्छ इंधन मानले जाते. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. पाण्याचे विघटन करणारी यंत्रे ज्या शहरात तयार होतात, त्या बंगळुरूमध्ये मार्च २०२४ मध्ये सुमारे १३,९०० कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य शासनाने सांगितले होते. साहजिकच, इंधनासाठी पाणी आणायचे कोठून, असा प्रश्न उपस्थित होतो.

रासायनिक सूत्रानुसार एक किलो हायड्रोजनसाठी ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणातील घट धरून ते २० लिटर मानले, तर संपूर्ण राष्ट्रीय उद्दिष्टास दररोज सुमारे २७ कोटी लिटर पाणी पुरेल. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडणारी, २०१८ मध्ये सुरू झालेली एकच योजना दररोज ४४ कोटी लिटरसाठी आखलेली आहे. देशाच्या हिशेबात हे पाणी फारसे नाही. अडचण आहे ती स्थानाची.

येथे खर्चाची रचना पाहावी लागते. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ५० युनिट वीज लागते. युनिटला ३ रुपये दर गृहीत धरल्यास विजेचाच खर्च १५० रुपये होतो. हजार लिटर पाण्यास १०० रुपये मोजले, तरी पाण्याचा खर्च अवघा २ रुपये! पाण्याचा दर दुप्पट केला, तरी उत्पादकाचा निर्णय बदलणार नाही. आवारातील कूपनलिका त्याला सर्वांत सोयीची, आणि पातळी खालावल्याचे नुकसान मात्र शेजाऱ्याचे. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. जेथे किंमत हे काम करू शकत नाही, तेथे मोजमाप आणि परवाना यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मोजमापही सोपे नाही. बंगळुरूखाली कठीण खडक असून पाणी त्याच्या भेगांत साठते. त्यामुळे जवळजवळच्या दोन विहिरींची पातळी वेगळी असू शकते, आणि तालुक्याची सरासरी फारसे काही सांगत नाही. निरीक्षण विहिरीत सोडलेला दाबसंवेदक वरच्या पाण्याचा दाब मोजतो व त्यावरून पातळी काढली जाते. ही नोंद प्रकल्प सुरू होण्यापूर्वी किमान एक पावसाळा व एक उन्हाळा घेतली पाहिजे, अन्यथा घट उपशामुळे झाली की अपुऱ्या पावसामुळे, हे ठरवता येत नाही.

सांडपाण्याचा पर्याय सुचवणेही सोपे आहे. मात्र विघटनयंत्रास जवळजवळ क्षारमुक्त पाणी लागते, म्हणजे तलावात सोडण्यापुरत्या प्रक्रियेच्या पुढचे शुद्धीकरण आवश्यक ठरते. शिवाय हे पाणी बेवारस नाही. कोलारच्या तलावांत ते मुरते आणि परिसरातील शेतकऱ्यांच्या विहिरींना आधार देते. प्रकल्पाकडे वळवलेला प्रत्येक लिटर त्यांच्या वाट्यातून जाईल.