रेवड्यांची कुस्ती आणि पाचवीतलं पोरगं

लेखमाला : पोर आणि मैदान – भाग ७

जत्रेच्या आखाड्यात नावाजलेल्या पैलवानांना दिवस कलेपर्यंत थांबावं लागतं. दुपारी हलगी कडाडली की आधी मातीत उतरतात ती सात-आठ वर्षांची पोरं. बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या, नाहीतर नारळ. पंच लहानग्यांची जोड कशी लावतो ते जवळून बघण्यासारखं असतं. दोन पोरं दंडाला धरून समोरासमोर आणतो, खांद्याला खांदा लावून उंची बघतो, एकाची मान चाचपतो, दुसऱ्याचं मनगट. तेवढ्यात गर्दीतून कुणाचा तरी बाप ओरडतो, "ओ, हे थोराड हाय, दुसरं बघा!" पंच वाद घालत नाही, थोराड पोराला बाजूला करून दुसरं पुढं ओढतो. कोण कितवीत आहे, जन्मतारीख काय, हे एकदाही विचारलं जात नाही.

मागच्या भागात नीरा डाव्या कालव्यातलं पोहणं झालं. या वेळचा प्रश्न भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे या पट्ट्यात घरोघरी निघतो : "यंदा पाचवीला गेलाय. तालमीत घालू का?" बारामतीत राहणारे हाच प्रश्न कराटेबद्दल विचारतात, आणि त्यांचं पोरगं बहुतेक वेळा बालवाडीत असतं.

या विचारण्यात घाई असते, आणि ती उगीच नसते. शालेय स्पर्धांचा पहिला गट १४ वर्षांखालचा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. उसाच्या बिलावर वर्ष काढणाऱ्या घरात हा हिशोब कुणीही मांडणार. चौदाव्या वर्षी पदक हवं तर आठव्या वर्षी सुरुवात पाहिजे, असं गणित मग आपोआप निघतं. गणित चुकतं ते इथंच, कारण मातीत उतरणं आणि लढणं या एकाच वयाच्या गोष्टी नाहीत.

मातीत उतरायला सहा-सात वर्षांचं वय पुरे. त्याआधी उतरलं तर बिघडत काही नाही, पण शिकवून फारसं शिकता येत नाही. मी वयापेक्षा एक गोष्ट बघेन : "सोड" म्हटल्यावर पोरगं पकड सोडतं का. रडत असलं, हरत असलं, समोरच्यानं चिमटा काढलेला असला तरी सोडतं का. जे सोडतं ते तयार आहे. जे सोडत नाही त्याला अजून वर्षभर विटी-दांडू आणि लंगडी खेळू द्यावं. त्यातूनही पाय तयार होतातच.

या वयात शिकायचं काय, तर पडायला. कोलांटी मारायची, पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, हात मागं टेकवायचा नाही. पडताना हात मागं टेकला की मनगट किंवा कोपर गेलंच म्हणून समजा. शिवाय धावणं, दोरीवर चढणं, जमेल तिथं मल्लखांब. तो मुळात मल्लांचाच पूरक व्यायाम. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं निवडायच्या चाचण्या बघितल्या तरी हेच दिसतं. तिथं लहान पोरांची कुस्ती लावून निवड होत नाही. उंची-वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर, मेडिसिन बॉलची फेक, उभी उडी, कमरेतली लवचिकता असल्या गोष्टी मोजतात. खेळ कोणता ते पुढं ठरतं.

जोर-बैठकांनी उंची खुंटते, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, झेपेल इतके जोर मारल्यानं कुणाची उंची खुंटत नाही. त्रास होतो तो आकड्यांच्या हव्यासानं. दहा-अकरा वर्षांच्या पोराकडून रोज शेकड्यानं बैठका काढून घेतल्या की गुडघ्याच्या वाटीखाली नळीच्या हाडावर एक दुखरा उंचवटा येतो. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढत्या वयात स्नायूची ओढ हाडाच्या कोवळ्या टोकावर पडते, त्याचं हे दुखणं. वस्तादानं त्याला कामचुकारपणा समजू नये, आणि आईनं तेल चोळून भागवू नये. बैठका काही दिवस कमी केल्या की बहुतेकांचं आपोआप बरं होतं.

वाढीचा हा काळ, मुलींमध्ये साधारण दहा ते बारा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा, सगळ्यांत नाजूक. हाडांच्या टोकाशी कूर्चेचा जो पट्टा असतो, तिथूनच हाड लांब होतं. तो पट्टा आजूबाजूच्या हाडापेक्षा, कधी कधी स्नायुबंधांपेक्षाही कच्चा. मोठ्या माणसाचा जिथं पाय मुरगळेल, तिथं पोराचा हा पट्टा दुखावू शकतो. आणि याच वयात जोड फसवी होते. दोघंही सातवीतले, दोघांचंही वजन ४२ किलो. पण एकाला मिसरूड फुटलंय आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. वजनकाटा दोघांना सारखं म्हणतो, माती म्हणत नाही. ढाक किंवा कलाजंगसारखे, अंगावर घेऊन फेकायचे डाव या वयात शिकवताना सावकाश, आणि तेही बरोबरीच्या जोडीवरच. मानेवर भार घ्यायचा पूल तर मान भरल्याशिवाय नकोच.

जागतिक कुस्ती संघटनेचा सर्वांत लहान गट १४-१५ वर्षांचा आहे. तेराव्या वर्षी उतरायचं तर वैद्यकीय दाखला आणि पालकांची लेखी संमती लागते. आपल्याकडं मात्र नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या फ्लेक्सवर 'भावी महाराष्ट्र केसरी' छापलेलं असतं. जपानचं उदाहरण इथं आठवतं. ज्युदो त्यांचा, शिस्त त्यांची. तरी २०२२ मध्ये त्यांच्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्यापायी पोरांची वजनं उतरवली जात होती, पालक आणि प्रशिक्षक मर्यादा सोडत होते. रेवड्यांची कुस्ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. हरलेलं पोरगं पाच मिनिटांत पाळण्याकडं पळतं. जिंकलेल्याच्या रेवड्या घरी पोचायच्या आत संपतात.

वजन उतरवण्याबद्दल कडकच बोलायला हवं. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली तेव्हा पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण त्या चर्चेतून काही पोरांनी शिकला तो रात्रभर धावून, पाणी तोडून वजन पाडण्याचा मार्ग. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस जेमतेम महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच खटपटीत मेले, आणि नंतर तिथले नियम बदलले. ती पूर्ण वाढलेली मुलं होती. वाढत्या अंगाच्या पोराला उपाशी ठेवून खालच्या गटात बसवणारा वस्ताद कितीही नामांकित असो, तिथून पोर काढून आणावं.

लवकर सुरुवात म्हणजे मोठं पदक, असंही नसतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना त्यांच्या वडिलांनी पाचव्या वर्षीच मातीत आणलं असं सांगतात. हेलसिंकीत १९५२ साली ब्राँझ मिळालं तेव्हा ते २६ वर्षांचे होते. साक्षी मलिकनं रोहतकमध्ये बाराव्या वर्षी सुरुवात केली, आणि रिओत २०१६ साली तिनंही ब्राँझ आणलं, तेविसाव्या वर्षी. सात वर्षं उशिरा सुरू करून ती तीन वर्षं आधी पोचली. दोन माणसांवरून नियम काढू नये हे खरं, पण पाचवीत घातलं नाही म्हणून गाडी चुकली असं समजणाऱ्या बापानं एवढं तरी ध्यानात घ्यावं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा म्हणतात. तालमींना ते पटणार नाही, मलाही ते कुस्तीला तंतोतंत लागू पडेल असं वाटत नाही. त्यांच्याकडचा दुसरा आडाखा मात्र घेण्यासारखा आहे : आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. दहा वर्षांच्या पोराला दहा तास. रोज दीड तास आणि एक दिवस सुट्टी धरली तर ते बरोबर बसतं.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. गावातल्या तालमीत संध्याकाळी जाऊन येणं वेगळं आणि पुण्या-कोल्हापूरच्या तालमीत वळकटी घेऊन राहणं वेगळं. पहाटे चारला उठणं, स्वतःचं दूध-जेवण बघणं, लंगोट धुणं, थोरल्या पठ्ठ्यांची मालिश. यातून पोरं घडतात, आणि काही मुकाट्यानं मोडतातही. आठवी-नववीच्या आत घराबाहेर ठेवू नये असं माझं मत. ठेवलंच तर शाळेची हजेरी कोण बघतं, थोरली पोरं कुठं झोपतात आणि लहान कुठं, न कळवता भेटायला आलं तर चालतं का, हे आधी विचारावं. शेवटच्या प्रश्नावर वस्ताद नाराज झाला तर उत्तर मिळालं असं धरावं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी काटेकोरपणे. सांगलीत २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी प्रतीक्षा बागडी झाली, तेव्हापासून आपल्याकडं मुली विचारायला लागल्यात. त्याच वर्षी दिल्लीच्या जंतरमंतरवर महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन धरणं धरून बसल्या होत्या, हेही आईबापांना ठाऊक असायला हवं.

ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी दोन बारक्या गोष्टी. नखं कापूनच पाठवा, आणि अंगावर गजकर्णाचा चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत मातीत पाठवू नका. तालमीच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात म्हणून ती सगळं बरं करते ही समजूत खोटी. एकाचा चट्टा आठवड्यात दहा जणांच्या अंगावर दिसतो. सराव झाला की तिथंच आंघोळ, आणि टॉवेल ज्याचा त्याचा.

पुढच्या भागात खुराक : दूध, बदाम आणि बाजारातल्या डब्यांमधल्या पावडरी.