अंटार्क्टिकाहून शादनगरला फाइल कशी येते

हैदराबादहून बंगळुरूच्या महामार्गाला लागले की पन्नास-साठ किलोमीटरवर शादनगर येते. तिथे इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे, म्हणजे एनआरएससीचे भूकेंद्र आहे. १९७९ मध्ये इथल्या डिश अँटेनाने अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे उतरवायला सुरुवात केली. १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए हा उपग्रह वर गेला आणि त्याचीही चित्रे इथेच उतरू लागली. ऑगस्ट २०१३ पासून शादनगरच्या संगणकांवर आणखी एका ठिकाणाहून फाइली येतात. ते ठिकाण अंटार्क्टिकात आहे. गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालवल्या जाणाऱ्या भारती तळावर एनआरएससीने साडेसात मीटर व्यासाची डिश बसवली आहे. हा तळ १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलेला आहे. उपग्रहाने पाठवलेली माहिती तिथे उतरते आणि लगोलग शादनगरकडे निघते.

दूरच्या संगणकावरची फाइल आपल्या संगणकावर आणणे हे आता कुणालाच अप्रूप राहिलेले नाही. सातबारा, हॉलतिकीट, बँकेचे स्टेटमेंट, सगळे एका बटणावर उतरते. पट्टी शंभर टक्क्यांना टेकली की काम झाले असे आपण धरून चालतो. पण ‘आली’ आणि ‘जशीच्या तशी आली’ यांत मोठे अंतर आहे आणि ते अंतर कापण्यासाठी गेली साठ वर्षे फार हुशार माणसांनी डोके लढवले आहे. शादनगरला येणाऱ्या फाइलींच्या प्रवासात ही सगळी हुशारी एकाच ठिकाणी पाहायला मिळते.

मुळात भारतीय उपग्रहाची चित्रे घ्यायला अंटार्क्टिकापर्यंत जायचे कशाला? रिसोर्ससॅट-२ सारखा उपग्रह सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीला फेरी मारतो. एका फेरीला सुमारे १०१ मिनिटे, म्हणजे दिवसाला १४ फेऱ्या. तो फिरत असताना खाली पृथ्वीही फिरत असते. त्यामुळे शादनगरच्या आकाशात तो दिवसरात्र मिळून चारेक वेळाच उगवतो. ध्रुवाजवळ मात्र सगळ्या फेऱ्यांच्या वाटा एकत्र येतात. भारती ६९ अंश दक्षिण अक्षांशावर असल्याने तिला १४ पैकी बहुतेक फेऱ्या दिसतात. उपग्रहाला पोटात साठवलेली माहिती रिकामी करण्यासाठी शादनगरची वाट पाहावी लागत नाही.

आणि रिकामे करणे निकडीचे असते. २००५ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-१ चेच पाहा. त्याच्या दोन कॅमेऱ्यांपैकी प्रत्येकाचा प्रवाह सेकंदाला १०५ मेगाबिटचा आणि साठवणीची जागा १२० गीगाबिट. साडेनऊ मिनिटे दोन्ही कॅमेरे चालले की रेकॉर्डर भरला. तोवर खाली कुणी घेणारे भेटले नाही, तर पुढचा प्रदेश टिपता येत नाही.

आता प्रत्यक्ष उतरणीचे ते दहा-बारा मिनिटांचे गणित पाहू. उपग्रह क्षितिजावर येतो तेव्हा डिशपासून तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब असतो, डोक्यावर आला की आठशेवर. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळणाऱ्या त्या ठिपक्याच्या मागे डिश फिरत राहते. अंतर चौपट असताना संदेशाची ताकद सोळापट कमी भरते, म्हणजे सुरुवातीचे आणि शेवटचे बिट सगळ्यांत क्षीण. त्यांतले काही चुकणारच. शून्याचा एक होणार, एकाचा शून्य. आपल्या मोबाइलवर असे झाले तर तो सर्व्हरकडे तेवढा तुकडा पुन्हा मागतो. इथे तशी सवलत नाही. माहिती एकाच दिशेने, वरून खाली, धो धो येत असते आणि ‘जरा मघाचे पुन्हा सांगा’ म्हणेपर्यंत उपग्रह मावळलेला असतो.

यावरचा उपाय १९६० मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी गणितातून काढला. दुरुस्तीचे सामान मालाबरोबरच पाठवायचे. अवकाशातल्या दुव्यांसाठी प्रमाण ठरलेल्या एका पद्धतीत माहितीचे २२३ बाइट घेतले जातात, त्यांच्यावरून बहुपदीच्या गणिताने ३२ जादा बाइट काढले जातात आणि २५५ चा गठ्ठा रवाना होतो. वाटेत त्यांतले कोणतेही १६ बाइट बिघडले तरी खालचा संगणक कोणते बिघडले हे ओळखतो आणि मूळ किमतीही काढून घेतो, पाठवणाऱ्याला एक शब्द न विचारता. भाजीच्या हातगाडीवरचा क्यूआर कोड थोडा फाटलेला, डागाळलेला असला तरी पैसे जातात ते याच गणितामुळे. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत उपयोगी गणितांत याची गणना व्हायला हवी. शाळेत बहुपदींचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगावे.

भारती ते शादनगर हा पुढचा टप्पा निराळ्या अडचणीचा आहे. हा प्रवास दळणवळण उपग्रहामार्फत होतो आणि असा भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३६ हजार किलोमीटरवर असतो. भारतीच्या अक्षांशावरून तो जास्तीत जास्त १२ अंश वर दिसतो. तिथली डिश जवळजवळ आडवी रोखावी लागते. वर जायचे, खाली यायचे, म्हणजे किमान ७२ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद लागतो आणि उत्तर परत यायला आणखी पाव.

अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. इंटरनेटवरच्या नेहमीच्या फाइल-वाहतुकीत मात्र तो जीवघेणा ठरतो. टीसीपी या नियमावलीत पाठवणारा संगणक फाइलीचे तुकडे करून धाडतो आणि रजिस्टर पोस्टासारखी प्रत्येकाची पोच मागतो. पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवतो. पोच न मिळालेला किती माल वाटेत असू द्यायचा, याची मर्यादा मूळ नियमांत ६४ किलोबाइट होती. तेवढा पाठवला की हात बांधून बसायचे, अर्ध्या सेकंदाने पोच आली की पुढचे ६४. हिशेब करा: सेकंदाला १२८ किलोबाइट, म्हणजे सुमारे एक मेगाबिट. दुवा चाळीस मेगाबिटचा घ्या नाहीतर चारशेचा, मिळणार एकच. एक गीगाबाइटच्या फाइलीला सव्वादोन तास! १९९२ मध्ये नियम सुधारून ही मर्यादा कितीतरी पटींनी वाढवण्याची सोय झाली, तेव्हा रुंद पण लांबच्या दुव्यांचा खरा उपयोग होऊ लागला. घरी जास्त वेगाचे कनेक्शन घेऊनही परदेशातल्या सर्व्हरवरून फाइल रखडत येत असेल, तर दोष अनेकदा रुंदीचा नसून या लांबीचा असतो.

भारतीला निदान उपग्रह दिसतो. खुद्द दक्षिण ध्रुवावरून भूस्थिर उपग्रह क्षितिजाखालीच राहतो. एप्रिल २०१७ मध्ये कृष्णविवरांच्या चित्रांसाठी जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी रोखल्या गेल्या, त्यांत ध्रुवावरचीही एक होती. तिची माहिती इतकी अवाढव्य होती की ती तारेने वा रेडिओने पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. हार्ड डिस्क पेट्यांत भरून ठेवल्या, ध्रुवावरचा हिवाळा सरेपर्यंत विमान उतरू शकले नाही आणि वर्षाअखेरीस त्या अमेरिकेत पोचल्या. एप्रिल २०१९ मध्ये जगाने या मोहिमेतले पहिले चित्र पाहिले. आपल्याकडेही लँडसॅटच्या काळात शादनगरला उतरलेली माहिती चुंबकीय टेपवर असे, आणि संशोधकाच्या हाती यायची ती टेप किंवा फोटोची प्रत. टेपांनी भरलेली जीप एका खेपेत प्रचंड माहिती नेते, फक्त पहिला बिट पोचायलाही शेवटच्या बिटाइतकाच वेळ लागतो. महापुराच्या वेळी तो वेळ परवडत नाही.

दोन संगणकांमधल्या फाइल-वाहतुकीचे पहिले लेखी नियम एका भारतीयाच्या नावावर आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. एमआयटीत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी एफटीपीचा मसुदा मांडला. तेव्हा प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा, अक्षरे साठवायची रीत वेगळी. म्हणून पुढे रुळलेल्या एफटीपीत पाठवण्याचे दोन प्रकार राहिले: मजकूर म्हणून किंवा जसेच्या तसे बाइट म्हणून. मजकूर म्हणून पाठवताना ओळीच्या शेवटची खूण समोरच्या यंत्राच्या रीतीप्रमाणे बदलली जाते, जिथे १० ही किंमत असेल तिथे १३ आणि १० अशा दोन होतात. पत्रासाठी हे सोयीचे. पण उपग्रहचित्र चुकून या प्रकारात पाठवले, तर चित्रातला १० किमतीचा प्रत्येक बिंदू दोन बाइटांचा होतो, पुढचे सगळे सरकत जातात आणि नदी तिरपी, फाटकी दिसू लागते. वाहतूक ‘यशस्वी’ झाल्याचा संदेश तरीही येतो.

एफटीपीत पासवर्डही उघडा जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू इलोनेन यांनी सगळी देवाणघेवाण कुलूपबंद करणारे एसएसएच लिहिले. आज दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून फाइल ओढणारे बहुतेक जण त्याच कुलूपबंद वाटेने जातात.

हैदराबादमध्येच, प्रगतीनगरला, इन्कॉइस ही सागरी माहिती सेवा देणारी संस्था आहे. कोकणातल्या मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याचा संभव आहे याची मराठीतली सूचना जाते ती इथून. तिच्याकडे फाइल पाठवणारे संगणक चक्क समुद्रात तरंगतात. आर्गो नावाच्या या यांत्रिक तरंगकांची संख्या जगभरात सुमारे चार हजार. दर दहा दिवसांनी तरंगक दोन हजार मीटर खोलीवरून तापमान आणि क्षारता मोजत वर येतो आणि उपग्रहाला माहिती देऊन पुन्हा बुडी मारतो. जुने तरंगक एकतर्फी दुव्यावर होते. वर कुणी ऐकले की नाही हे कळायचा मार्ग नाही, म्हणून तेच तेच संदेश सहा ते बारा तास घोकत पृष्ठभागावर थांबावे लागे. तेवढ्यात वारा त्यांना भलतीकडे नेई, बोटीची धडक बसण्याचा धोका असे. दुतर्फी दुवा आल्यावर पोच मिळू लागली आणि हा मुक्काम मिनिटांवर आला. एका साध्या पोचेने यंत्राचे आयुष्य वाढले.

आर्गोचा जागतिक साठा फ्रान्समधल्या ब्रेस्टलाही आहे आणि तो रोज बदलतो. रोज सगळा उतरवणे मूर्खपणाचे ठरेल. इथे आरसिंक हे सॉफ्टवेअर कामी येते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ते लिहिले. आपला संगणक जुन्या फाइलीचे ठोकळे पाडून प्रत्येकाची छोटी अंकी ओळख समोर पाठवतो. समोरचा संगणक नव्या फाइलीवरून एकेक बाइट सरकत ती ओळख शोधतो आणि जे जुळत नाही तेवढेच धाडतो. दोन्ही फाइली एका जागी न आणता त्यांतला फरक काढायचा, ही कल्पना मला आजही थक्क करते.

इतके करूनही खात्रीचे काम उरतेच. टीसीपीची तपासणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पैकी एक किंमत. बिघडलेला तुकडा योगायोगाने त्याच किमतीचा निघाला तर तो गुपचूप आत शिरतो. म्हणून अनेक मोठ्या साठ्यांत प्रत्येक फाइलीचा शा-२५६ सारखा चेकसम, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली ओळख, वेगळा दिलेला असतो. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी शा-२५६ ची ६४ अक्षरांची ओळ पार बदलते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पुराने वेढले, तेव्हा ढगांआड पाहणाऱ्या रडार-उपग्रहांच्या चित्रांवरून पाण्याखालच्या भागाचे नकाशे काढले गेले. अशा वेळी चित्राचा एक तुकडा बिघडला, तर गाव कोरडे दिसू शकते.

३० जुलै २०२५ रोजी गेलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाने तर प्रश्नच बदलला आहे. त्याच्या माहितीपासून दिवसाला ८० टेराबाइटच्या आसपास फाइली तयार होतील, असा नासाचा अंदाज. शंभर मेगाबिटच्या घरगुती कनेक्शनवर एका दिवसाचा साठा उतरवायला अडीच महिने लागतील. म्हणून आता फाइल आपल्याकडे आणण्याऐवजी आपला प्रोग्रॅम फाइल जिथे आहे तिथे पाठवायचा, अशी दिशा आहे. ती योग्यच आहे. पण त्यामुळे स्थानिक प्रत ठेवण्याची सवय मोडू नये. सर्व्हर बंद होतात, धोरणे बदलतात. ज्या महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्याची दहा वर्षांची चित्रे स्वतःच्या डिस्कवर ठेवली आहेत, त्याला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

एनआरएससीचे भुवन हे संकेतस्थळ ऑगस्ट २००९ पासून चालू आहे आणि रिसोर्ससॅटची काही चित्रे, कार्टोसॅटवरून केलेला उंचसखलपणाचा नकाशा तिथून विनामूल्य उतरवता येतो. भूगोलाच्या शिक्षकांनी आपल्या तालुक्याची दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रे मुलांकडून उतरवून घ्यावीत, धरणाचे पाणी आणि गावाची वाढ मोजायला लावावी. आणि माहिती देणाऱ्या प्रत्येक सरकारी संकेतस्थळाने फाइलीशेजारी तिचा चेकसम छापावा. त्याला खर्च जवळजवळ काही नाही. तो छापलेला असेल तर फाइल उतरवल्यावर आपल्या संगणकावर काढून ताडून पाहा. जुळला नाही तर ती फाइल वापरू नका, पुन्हा मागवा.