तोच किनारा, तोच सूर्यास्त, पण समुद्र तोच असतो का? पुन्हा कोकणात जाण्याआधी समजून घ्या भरतीचं गणित

फोन कधीतरी स्वतःहून एक जुना फोटो वर काढतो. काशीद, गुहागर नाहीतर तारकर्ली. तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, गुडघाभर पाणी, ओल्या वाळूत उतरलेला सूर्य. फोटो लगेच ग्रुपवर पडतो आणि खाली पहिला मेसेज ठरलेला: 'पुन्हा जायचं का?' सुट्ट्या जुळतात, बॅगा गाडीत चढतात, होमस्टेवाल्या काकूंना फोन करून सुरमई आणि सोलकढी सांगून ठेवली जाते. एकच गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. त्या दिवशी भरती किती वाजता आहे?

फोटोतला समुद्र हा एका दिवसाच्या एका तासाचा असतो. आपण मात्र तो कायमचा तसाच आहे असं धरून चालतो. 'इथे पाणी उथळच आहे, आम्ही मागच्या वेळी आत गेलो होतो', हे वाक्य पहिल्यांदा आलेला माणूस बोलत नाही. ते पुन्हा आलेला माणूस बोलतो.

ही ओढ नेमकी कशाची?

समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा मोठा वाटा असतो. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून तो तयार होतो. वासाची गंमत अशी की त्याचा संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. त्यामुळे अलिबागच्या अलीकडे खिडकी उघडली की लहानपणीची सहल अख्खी आठवते. त्यात दुपारनंतर सुटणारे खारे वारे. शाळेच्या भूगोलात खारे आणि मतलई वारे पाठ करताना वैताग आला असेल, पण जमीन तापून हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, हेच ते संध्याकाळचं सुख.

इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी जनगणनेतल्या माहितीवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्वतःची तब्येत चांगली असल्याचं सांगण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं आणि हा फरक गरीब वस्त्यांमध्ये अधिक ठळक दिसला. तेव्हा ओढ वाटते यात वेडेपणा काही नाही. प्रश्न फक्त पाण्यात कधी उतरायचं एवढाच आहे.

किनारा दरवर्षी बदलतो

पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे बांध घालतात. पाऊस संपला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. पण ती पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच उताराने बसत नाही. खाडीच्या मुखाजवळ तर हे बदल फारच मोठे असतात. मागच्या वेळी जिथे कंबरेएवढं पाणी होतं, तिथे या वेळी खड्डा असू शकतो.

भरतीची वेळ ॲपशिवाय कशी काढायची?

यासाठी किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा आणि अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. (प्रत्यक्षात मुंबईत त्या दिवशी भरती बाराच्या आसपास येते. हिशोब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे धरूनच चालायचं.)

यामागचं कारण सोपं आहे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, कारण पृथ्वी एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाऊण तास आणि ५० मिनिटं, फरक पाचच मिनिटांचा. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळातलं हे गणित वाईट नाही.

आता फोटोतल्या सूर्यास्ताकडे या. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला ओहोटी असते. पाणी दूर गेलेलं, किनारा लांबलचक, ओली वाळू आरशासारखी. बरोबर आठवड्याने, अष्टमीला, त्याच किनाऱ्यावर त्याच वेळी पूर्ण भरती असते आणि वाळूचा जेमतेम पट्टा उरतो. फोटो काढणाऱ्याला वाटतं, किनाऱ्याची रया गेली. किनारा तोच असतो, तिथी वेगळी असते.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला कोळी बांधव भांग म्हणतात. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे जावं तसा तो कमी होतो.

चार मीटर चढायला सहा तास लागतात, मग घाई कसली? घाई आहे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला आणि शेवटी हळू, मधल्या दोन तासांत मात्र निम्मं चढून जातं. म्हणजे त्या वेळात तासाला साधारण एक मीटर. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक धरला, तर पाण्याची कड तासाभरात ५० मीटर आत येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं. आत फिरताना, फोटो काढताना दोन तास कुठे गेले कळत नाही आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. भांगाच्या दिवसांत तर ओहोटीतही ती वाट पूर्ण कोरडी पडेलच असं नाही. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. म्हणून पाऊणपटीने अंदाज बांधा, पण नेमकी वेळ आणि उंची हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे ती मोफत मिळते.

सगळ्यात शांत दिसणारी जागा

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकत राहतात. हे पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूच्या बांधात जिथे खाच असते, तिथून ते अरुंद पट्ट्यातून जोरात आत वळतं. हा रिप करंट. ओहोटीच्या काळात त्याचा जोर वाढतो. अडचण ही की दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या या पट्ट्यात त्या कमी फुटतात. पाणी सपाट आणि जरा गडद दिसतं. मुलांना घेऊन उतरायला हीच जागा बरी, असं नवख्याला वाटतं.

रिप माणसाला खाली ओढत नाही, समुद्राकडे नेतो. जोरदार रिपचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. बुडणारे बहुतेक जण किनाऱ्याकडे थेट पोहण्याच्या प्रयत्नात दमतात. करायचं ते उलट: अंग सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यायचं. पोहता न येणाऱ्याला यातलं काहीच जमणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्याच्यासाठी मर्यादा गुडघ्यापर्यंतच.

किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उड्या मारू नयेत. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे जातात, हे वारंवार घडलं आहे. पाण्याचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकला तरी तो माणसाला तरंगत ठेवतो. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करा.

पावसाळा नाही, मग धोका कसला?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. दोन्ही महिने पावसाळ्याचे नव्हते. बोटी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, लाल बावटा, हे सगळं आपण जून ते ऑगस्टशी जोडतो आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मवाळ झाला असं समजतो. मच्छीमारांसाठी ते बरंचसं खरंही आहे. पण त्यांच्या पायाखाली होडी असते.

शिवाय समुद्राला खवळण्यासाठी इथलंच हवामान बिघडावं लागत नाही. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळ झालं, तर तिथल्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर धडकतात. इथे ऊन, वारा नाही, आकाश निळं. केरळमध्ये याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात अशाच दिवसांत पाच तरुण शिकाऊ डॉक्टर वाहून गेले. त्याआधी इन्कॉइसने उंच लाटांचा इशारा दिलेला होता. तो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचायला हवा, हा खरा अडलेला दुवा आहे.

गाडी वाळूवर नेणाऱ्यांसाठी वेगळं काय सांगायचं? ओली वाळू घट्ट दिसते. चाक जागेवर फिरलं की तिच्यातलं पाणी सुटतं आणि गाडी बसते. मग भरती आणि ट्रॅक्टर यांची शर्यत लागते. कासवांच्या विणीच्या काळात त्याच वाळूत खाली अंडी असतात, ते आणखी वेगळं.

सहलीची तारीख अजून ठरायची असेल, तर कॅलेंडरमध्ये तिथी बघून ठरवता येते. लांबलचक किनाऱ्यावर चालायचं, सूर्यास्ताचा तो आरसा पाहायचा, तर पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपासची संध्याकाळ. पाण्यात उतरायचंच असेल, तर अष्टमीच्या आगेमागे दुपारी चारनंतर. त्या वेळी पाणी चढत असतं आणि भांग असल्याने चढही सौम्य असतो. तरीही लाटा किती आहेत, रिप कुठे आहे, ते तिथे उभं राहूनच बघावं लागतं. काकूंना जेवणाचं सांगतानाच विचारून ठेवा: आज पाणी कुठपर्यंत येतंय आणि गावातली पोरं कुठे पोहतात?