ध्वनिक्षेपकाच्या पेटीतील शोषक अस्तर

घरी बांधलेल्या ध्वनिक्षेपकाच्या पेटीस आतून फेल्टचे पातळ अस्तर चिकटविले म्हणजे तिचा घुमारा नाहीसा होतो, हा समज अंशतःच खरा आहे. तंतुमय द्रव्य ध्वनीची ऊर्जा शोषते ते हवेचे कण तंतूंशी घासले जातात म्हणून. आणि भिंतीलगत तर कणांचा वेग जवळजवळ शून्य असतो. पेटीची आतील उंची ५० सें. मी. व ध्वनीचा वेग सेकंदास ३४४ मीटर धरल्यास उभ्या दिशेतील पहिला स्थिर तरंग ३४४ हर्ट्झला, म्हणजे मानवी आवाजाच्या पट्ट्यातच, उद्भवतो. त्यात कणांचा वेग सर्वाधिक असतो तो पेटीच्या मध्यावर. २ सें. मी. जाडीचे अस्तर तेथवर पोहोचत नाही. ते केवळ उच्च स्वरांवर परिणामकारक ठरते. यास्तव लोकरीचा अथवा काचतंतूंचा सैल थर जाळीच्या कापडात बांधून मध्यभागी आडवा ताणावा व बाजूंच्या पट्ट्यांस खिळ्यांनी पक्का करावा. तंतू ध्वनिक्षेपकाच्या शंकूस लागू नयेत. पेटीस वायुद्वार असल्यास ते मोकळे राहावे.

फळ्यांचे कंपन हा मात्र निराळा प्रश्न होय. तेथे डांबराचा जड थर फळीस सर्वत्र घट्ट चिकटविला तरच तिच्या वाकण्यातील ऊर्जा त्यात जिरते. म्हणून दोष हवेतील की फळीतील, हे प्रथम निश्चित करणे अगत्याचे आहे.