घासलेटचा ट्रे आणि नागपूरचा मे महिना: सुटे भाग धुण्याचं मशीन कसं निवडायचं

  

हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कुठल्याही लहान मशीन शॉपमध्ये शिरा, कोपऱ्यात एक ट्रे दिसेल. त्यात घासलेट किंवा डिझेल, एक झिजलेला ब्रश आणि बाजूला कॉटन वेस्टचा ढीग. लेथवरून उतरलेला जॉब त्यात बुडवायचा, घासायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि पुढे द्यायचा. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं आहे. ग्रीस निघतं, गंज धरत नाही, खर्च कमी. म्हणून या ट्रेला शिव्या घालून सुरुवात करणार नाही. फक्त एक आकडा बघू.

भारतीय मानकाप्रमाणे घासलेटचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा लागतो. डिझेलचाही किमान तेवढाच. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर इतकी वाफ जमते की ठिणगी मिळताच ती पेट घेते. बाजारातला माल सहसा त्याच्या थोडा वरच असतो, हे मान्य. पण आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा 45 ला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जानेवारीत काडीलाही दाद न देणारा ट्रे मे महिन्यात पेटायला तयार असतो, आणि दोन हातांवर बेंच ग्राइंडर चालू असतो! त्यात हवा मारली की घासलेटचा बारीक फवारा उडतो. हा फवारा फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटू शकतो, आणि पेटला नाही तरी कामगाराच्या छातीत जातोच.

म्हणून मशीन घ्यायचं. पण कोणतं? इथे बहुतेक जण कॅटलॉग उघडतात. आमचं म्हणणं, आधी आपला जॉब हातात घ्या. त्यावर नेमकं काय चिकटलंय? पाण्यात मिसळणारं कुलंट साध्या गरम पाण्यानेही बरंचसं निघतं. बेअरिंगचं जुनं ग्रीस, त्यावर धूळ बसून झालेला थर, ही वेगळीच गोष्ट. धुतल्यावर जॉब कुठे जाणार? पावडर कोटिंगला किंवा प्लेटिंगला जाणार असेल तर तेलाचा पातळ पापुद्राही चालत नाही. हायड्रॉलिक असेंब्लीत जाणार असेल तर थोडं तेल चालेल, पण भोकात अडकलेली एक चिप वाल्व्ह बाद करेल. म्हणजे दोघांची ‘स्वच्छ’ची व्याख्याच वेगळी.

आणि धातू कोणता? लोखंडाला कॉस्टिकचं गरम द्रावण छान चालतं. त्यातच ॲल्युमिनियमचं हाऊसिंग टाकलं की बुडबुडे सुटतात. तो साफसफाईचा फेस नव्हे, धातू विरघळून हायड्रोजन निघत असतो. ॲल्युमिनियम-पितळेसाठी सौम्य रसायन लागतं. दोन्ही प्रकारचे जॉब येत असतील तर रसायनवाल्याला हे आधी सांगा.

आता मशीन. एक प्रकार फवाऱ्याचा: बंद पेटी, आत फिरती टोपली, चहूबाजूंनी गरम साबणपाण्याचे जेट. घरातल्या भांडी धुण्याच्या मशीनचा थोरला भाऊच म्हणा. गिअरबॉक्सची केसिंग, फ्लँज, बोगीचे जड भाग यांना हे उत्तम, कारण जाड मळ मारानेच निघतो. पण जिथे जेटची धार पोचत नाही, तिथे सफाई होत नाही. एम 6 चे आटे पाडलेलं बंद भोक असेल तर वरून जॉब चकाचक आणि आत चिप तशीच.

अशा जॉबला अल्ट्रासॉनिक. टाकीच्या तळाशी बसवलेले ट्रान्सड्यूसर सेकंदाला साधारण 25 ते 40 हजार कंपनं देतात. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फुटताना पृष्ठभागावरचा मळ उखडतात. भोकात, आट्यांत, जिथे पाणी पोचतं तिथे ही सफाई पोचते. मात्र भोकात हवा अडकली तर काहीच होत नाही, म्हणून जॉब तिरका ठेवायचा. टोपली ठासून भरायची नाही. आणि ग्रीसचा जाड थर घेऊन अल्ट्रासॉनिककडे जाऊ नका, तो आधी खरवडून किंवा फवाऱ्याने काढा.

तिसरा प्रकार सॉल्व्हंटच्या वाफेचा. ट्रायक्लोरोएथिलीन 87 अंशांना उकळतं, त्याची वाफ गार जॉबवर जमून तेल घेऊन ओघळते. जॉब कोरडाच बाहेर येतो. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली हे रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. ही वाफ हवेच्या साडेचार पट जड, खड्ड्यात साचते. शिवाय ती अडवणाऱ्या कॉइलला थंड पाणी लागतं. मे महिन्यात चिलरशिवाय ते आणायचं कुठून? लहान शॉपने या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

समोरून प्रश्न आलाय: पाण्याने धुतलं तर गंज नाही का धरणार? धरेल. उन्हाळ्यात जॉब बघता बघता सुकतो, पण जुलैत सकाळी धुतलेल्या जॉबवर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तांबूस छटा येते. त्यामुळे शेवटचं खळबळणं गरम पाण्याने, लगेच गरम हवेने सुकवणं आणि मग गंजरोधक तेल. ड्रायरचे पैसे वाचवणाऱ्याने पावसाळ्यात परत घासलेटचा ट्रे काढलेला आम्ही पाहिला आहे. बोअरचं जड पाणी वापरलं तर सुकल्यावर पांढरे डाग राहतात आणि हीटरवर क्षार चढतात. निदान शेवटच्या खळबळण्यासाठी आरओचं किंवा डीएम पाणी ठेवा.

विजेचा हिशोब घरीच करता येतो. 300 लिटर पाणी 30 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण साडेदहा युनिट लागतात. 9 किलोवॉटचा हीटर असेल तर सव्वा तासाच्या आसपास, वर भिंतींतून जाणारी उष्णता वेगळी. म्हणजे टाकीला इन्सुलेशन आणि झाकण आहे का, हीटर सकाळी आपोआप चालू करायचा टायमर आहे का, हे विचारायचं. तेल तरंगून वर येतं, ते काढणारा स्किमरही हवाच. नाहीतर धुतलेला जॉब त्याच तेलातून वर निघतो.

खरेदीआधी विक्रेत्याच्या डेमोचा जॉब पाहून भुलू नका. तुमचा सर्वांत घाणेरडा जॉब, दोन दिवस तसाच ठेवलेला, त्याच्याकडे न्या. धुऊन झाल्यावर पांढऱ्या फडक्याने पुसा. मग त्यावर स्वच्छ पाणी ओता: पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर तेल गेलं, पाणी तुटून थेंब झाले तर अजून आहे. चिप राहिली का, ते बंद भोकात हवा मारून पांढऱ्या कागदावर बघा. त्यावेळी डोळ्यांवर चष्मा असू द्या.

आणि वापरलेलं पाणी गटारात नाही, निघालेलं तेल मागच्या मोकळ्या प्लॉटवर नाही. वापरलेलं तेल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचं आणि त्याची पावती ठेवायची. साबणपाणी किती दिवसांनी बदलावं लागेल आणि ते कुठे जाईल, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. जुन्या ट्रेतलं उरलेलं घासलेटसुद्धा याच हिशोबात धरा.