मंडई आणि तुळशीबाग

पुण्याच्या बाजाराचे खरे स्वरूप ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल, त्यांनी मध्यवर्ती मनोऱ्याभोवती आठ दालने विस्तारलेली मंडईची भव्य इमारत अवश्य पाहावी. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरणारा भाजीबाजार १८८६ साली येथे आला, आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव या वास्तूस देण्यात आले. नगरपालिकेचा पैसा इमारतीऐवजी रयतेच्या शिक्षणाकडे वळावा, या आग्रहाने ज्या जोतीराव फुल्यांनी या खर्चास विरोध केला, त्यांचेच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला लाभावे, यात मला इतिहासाचा मोठा न्याय दिसतो.

शेजारीच तुळशीबाग. सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी १७६३ साली आरंभिलेल्या राममंदिराच्या आश्रयाने पूजेची उपकरणे, बांगड्या आणि पितळी भातुकली विकणारी दुकाने येथे दाटीवाटीने नांदत आहेत.

सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट मंडईपाशी थांबते. तेव्हा मित्रहो, वाहन घरीच ठेवून या, आणि भाजी घेताना मान उंचावून तो मनोराही पाहा.