तुमच्या पीएचडीतला 'पेडण्याचा बोगदा' कोणता?



ही पोस्ट सावर्ड्याहून, घरून लिहितोय. बाहेर धो धो पाऊस आहे आणि माझ्या फेलोशिपचं हे शेवटचं वर्ष आहे. गेल्या आठवड्यात दोघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला: "पाच वर्षांत हे सगळं होतं का खरंच? अशक्य वाटतं." उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या गावावरून कोकण रेल्वे जाते, तिचंच उदाहरण घेऊया.

1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग करायचा होता. त्यात नव्वदच्या आसपास बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. वर्षातले चार महिने कोकणातला पाऊस. आणि मुदत? साधारण पाच वर्षं. म्हणजे आपल्या जेआरएफ-एसआरएफइतकीच!

यावर पहिला उपाय होता कामाची वाटणी. मार्गाचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे सात भाग केले, प्रत्येकाला स्वतंत्र मुख्य अभियंता दिला आणि सगळीकडे एकाच वेळी काम सुरू केलं. कार्यालयांत उलटी घड्याळं लावली होती. किती दिवस उरले, ते त्यांवर दिसायचं.

वाटणीने काय फरक पडतो ते बघा. सावर्डे नावाचाच एक बोगदा या मार्गावर आहे, सुमारे 3.4 किलोमीटरचा. समजा, एका तोंडाकडून दिवसाला 3 मीटर खोदाई होते (हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय). एकाच बाजूने खणलं तर 1100 हून जास्त दिवस लागतील, दोन्ही बाजूंनी खणलं तर साधारण 570. अशक्य वाटणारं काम बरेचदा असंच शक्य होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही.

या मार्गावरचा सगळ्यात लांब बोगदा रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. तुम्हाला वाटेल, यानेच सगळ्यांना रडवलं असेल. तर तसं झालं नाही. अभियंत्यांना सगळ्यात जास्त छळलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने. त्याची लांबी जेमतेम दीड किलोमीटर! करबुड्याला काळा कातळ आहे. कातळ कठीण खरा, पण सुरुंग लावून फोडला की उभा राहतो. पेडण्याला पाण्याने भिजलेली मऊ माती. खणलं की ढासळायची, पुन्हा खणायचं, पुन्हा ढासळायची. तिथे मोठी यंत्रं चालेनात, हाताने इंच इंच पुढे सरकावं लागलं. कामगारांचे जीवही गेले. गोव्यात मार्गावरून आंदोलनही झालं आणि काम काही काळ थांबलं. पाच वर्षांची मुदत हुकली. 26 जानेवारी 1998 ला मार्ग सलग सुरू झाला. तोवर बाकी बहुतेक मार्ग तयार होता, पण पेडण्यासाठी थांबावं लागलं.

याला कामाच्या नियोजनात एक नाव आहे: क्रिटिकल पाथ. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ही पद्धत मांडली. कल्पना सोपी आहे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या साखळ्या काढायच्या. ज्या साखळीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तीच प्रकल्पाची मुदत ठरवते. बाकीच्या साखळ्यांत तुम्ही रात्री जागून महिना वाचवलात तरी प्रकल्प एक दिवसही लवकर संपत नाही.

आता माझी चूक सांगतो. मी कोकणातल्या कातळसड्यांवर पावसात उगवणाऱ्या छोट्या वनस्पतींवर काम करतो. सीतेची आसवं त्यातलीच एक. ही झाडं वर्षातून काही आठवडेच फुलतात. माझा 'करबुडे' होता संदर्भवाचन: शेकडो पेपर, बघूनच घाम फुटायचा. म्हणून आधी तेच संपवायला बसलो. दुसऱ्या पावसाळ्यात भरपूर नमुने गोळा केले आणि वाळवून ठेवले. नोव्हेंबरमध्ये लॅबमध्ये डीएनए काढायला घेतला, तर झाडातल्या चिकट द्रव्यामुळे तो खराबच निघाला. पद्धत बदलायला तीन आठवडे पुरले. पण ताजे नमुने कुठून आणणार? पुढचा पाऊस आठ महिने लांब होता! जुलैतच पाच झाडांवर चाचणी केली असती, तर तो हंगाम वाया गेला नसता. तो हंगाम आता, शेवटच्या वर्षात, मी भरून काढतोय.

वाचन लांबलचक होतं, पण कातळासारखं. रोज दोन पेपर म्हटले की संपतं. नमुन्यांचं काम छोटं, पण मऊ मातीचं.

म्हणून तुम्ही पीएचडीला लागणार असाल, तर पहिल्याच महिन्यात एक कागद घ्या. सगळी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न विचारा. हे काम कशावर अडलंय? ते माझ्या हातात आहे, की ऋतूच्या, परवानगीच्या, दुसऱ्या लॅबमधल्या यंत्राच्या? आणि ते फसलं, तर पुन्हा करायला किती काळ थांबावं लागेल? तिसऱ्याचं उत्तर ज्या कामापुढे सगळ्यात मोठं येईल, ते तुमचं पेडणे. त्याची छोटी चाचणी आधी करा, अर्धवट तयारीनिशी का होईना. गाईडसमोर पहिल्या मीटिंगलाच तो कागद ठेवा. उलटं घड्याळ लावायचं तर सबमिशनच्या तारखेसाठी लावू नका, त्या चाचणीसाठी लावा.

आणि चाचणी झाली म्हणजे सुटलो असंही समजू नका. 2024 च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि कोकण रेल्वेची वाहतूक ठप्प झाली. अवघड जागेवर काम संपल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

चला, पाऊस जरा उघडलाय. मला सड्यावर जायचंय. तुमचं पेडणे कोणतं, ते आज रात्री झोपण्याआधी लिहून काढा.